ध्रुवीय प्रकाशाचे छायाचित्र

ध्रुवीय प्रकाशाचे पहिले छायाचित्र १८९२ साली नॉर्वेतील बोसेकोप येथे मार्टिन ब्रेंडेल या जर्मन शास्त्रज्ञाने टिपले. हा प्रकाश मंद व चंचल, आणि त्या काळच्या काचा मंदगती; म्हणून ते काम फार कठीण होते. पुढे १९१० मध्ये गणिताचे प्राध्यापक कार्ल स्टॉर्मर त्याच गावी गेले. (विद्यार्थिदशेत हेच गृहस्थ आजच्या ओस्लोच्या रस्त्यावर जाकिटात दडवलेल्या कॅमेऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांना टिपत, ते मला तितकेसे आवडले नाही!) काही किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणे त्यांनी टेलिफोनने जोडली आणि दोन्हीकडून एकाच क्षणी छायाचित्रे घेतली. मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत प्रकाशाची जागा दोन्ही चित्रांत किंचित वेगळी दिसे. त्यावरून त्याची उंची काढता आली. खालची कड बहुधा शंभर किलोमीटरच्या आसपास भरे.

मे २०२४ मधील सौरवादळात लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनीही क्षितिजावर तांबडी आभा टिपली. इतक्या दक्षिणेकडून हिरवा थर क्षितिजाआड राहतो. दोनशे किलोमीटरहून उंचावरची तांबडी छटाच तेवढी दिसू शकते.

आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध मातेचा मुलगा नॉर्वेत नोकरीस आहे. तीन नाताळ त्याच्याविना गेले. त्याने धाडलेले हिरव्या आकाशाचे छायाचित्र तिने चौकटीत बसवून घरच्या अल्ताराशेजारी लावले. पुढे तो फोनवर सहज म्हणाला, डोळ्यांना ते राखाडी ढगासारखेच दिसत होते. माता माझ्याकडे आली. "फादर, मग तो तिकडे सुखात आहे म्हणतो, तेही असंच रंगवलेलं असेल का?"

मी तिला समजावले, अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी नीट काम करीत नाहीत. कॅमेऱ्याची झडप पाच-दहा सेकंद उघडी राहते, तेवढा वेळ प्रकाश साचत जातो. हिरवा रंग ऑक्सिजनचाच. कॅमेऱ्याने तो पदरचा घातलेला नाही. मागाहून संगणकावर रंग भडक करणे ही निराळी गोष्ट. ती मला रुचत नाही.

तिच्या खऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हते. ते मुलालाच विचारावे, असे मी सुचवले. पुढच्या फोनवर तिने आकाशाचा विषयच काढला नाही. जेवतोस काय, आजारी पडलास तर जवळ कोण असते, एवढेच विचारले. पाऊण तास बोलणे चालले होते, असे सूनबाई सांगत होती.