आधी कुठं हात लागला?

कालपर्यंत बिनतक्रार चालणारा ट्रक दुरुस्तीहून आला आणि स्टिअरिंग जड झालं, की पहिला दोष पंपावर जातो. पंप समोर दिसतो, बाजारात तयार मिळतो आणि तो बदलला की काहीतरी मोठं काम झाल्यासारखं वाटतं. पंप बदलतात, तक्रार तशीच राहते. मग स्टिअरिंग बॉक्स खोलतात. गॅरेजात शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी सुरुवातीलाच सांगतो, की दुरुस्तीनंतर उपटलेली तक्रार बहुतेक वेळा दुरुस्त केलेल्या भागात सापडत नाही. त्या भागापर्यंत पोचताना वाटेत जे सोडवलं, सरकवलं, परत बसवलं, तिथं ती सापडते. म्हणून ड्रायव्हरला माझा पहिला प्रश्न "काय होतंय?" हा नसतो. "कुठंकुठं हात लागला?" हे मी आधी विचारतो आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत पाना हातात घेत नाही.

आमचं गॅरेज कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर. आंबा घाटातून चिरा घेऊन वर येणाऱ्या, साखर-सिमेंट घेऊन खाली जाणाऱ्या गाड्या आमच्याकडं लागतात. घाटाच्या वळणावर स्टिअरिंगची खरी परीक्षा होते. पुढच्या एक्सलवर सहा-सात टनांचा भार, गाडी माणसाच्या चालीनं सरकतेय, इंजिनाचे फेरे कमी, म्हणजे पंपाकडून येणारं तेलही कमी, आणि चाक तर पूर्ण कापायचंय. सपाट हायवेवर महिनाभर लपून राहिलेला दोष इथं एका वळणात बाहेर येतो. गॅरेजच्या आवारात दोन चकरा मारून "ओके" म्हणून गाडी सोडणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. पुढं घाटात ती गाडी ज्याच्या हातात असते, त्याच्यामागं टनावारी माल असतो.

पॉवर स्टिअरिंग गाडीवर व्यवहारात आणणारा ट्रकचाच माणूस, हे फार थोड्यांना माहीत असतं. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकी इंजिनिअर पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. अवजड गाडी वळवताना ड्रायव्हरचे हात कसे भरून येतात, हे त्यानं जवळून पाहिलं होतं. १९२६ साली त्यानं आपली रचना गाडीवर बसवून चालवून दाखवली. दुसऱ्या महायुद्धात ती लष्करी गाड्यांवर गेली आणि विक्रीच्या मोटारीत यायला १९५१ चं क्रायस्लर इम्पीरियल उजाडावं लागलं. डेव्हिसनं पकडलेली गोष्ट आजही आमच्या रोजच्या कामाची आहे. तेलाला कायम दाबून ठेवायचं नाही. ते पंपातून बॉक्समध्ये, बॉक्समधून टाकीत मोकळं फिरत ठेवायचं. ड्रायव्हरनं चाकावर जोर दिला की बॉक्समधला टॉर्शन बार किंचित पिळतो, व्हॉल्व्ह वाट अडवतो आणि त्या क्षणापुरता दाब चढतो. समोरून जेवढा अडथळा, तेवढाच दाब.

एवढं डोक्यात पक्कं असलं तर निम्मी चूक टळते. गाडी सरळ उभी असताना दाबाच्या गेजचा काटा खालीच असणार, तो पाहून पंप मेला असं म्हणायचं नाही. उलट चाकाला कुणी हात लावलेला नसताना काटा वर असेल, तर तेलाची परतीची वाट कुठंतरी अडलीय. टाकीतला फिल्टर गच्च झालाय का, परतीचा पाइप बसवताना मुरगळलाय का, हे आधी बघायचं. पंप बदलतानाही चूक होते. जुना पंप आतून खरवडून गेलेला असतो, त्याचा लोखंडी चुरा सगळ्या तेलात पसरलेला असतो. नवा पंप बसवणारा पाइप धूत नाही, फिल्टर बदलत नाही, तेच तेल गाळून परत ओततो. त्या चुऱ्यानं नव्या पंपाचा फ्लो व्हॉल्व्ह अडकला, तर त्यात नव्या पंपाचा काय दोष?

ड्रायव्हरच्या शब्दांवर माझा गेजइतकाच विश्वास आहे. "जड लागतंय" एवढ्यावर मी थांबत नाही. कधी, कुठल्या बाजूला, किती वेगात, हे खोदून विचारतो. एकाच बाजूला जड म्हणाला, तर पंपाचा विचार सोडून द्यायचा. दोन्ही बाजूंना तेल देणारा पंप एकच असतो, त्याला डावं-उजवं कळत नाही. उभ्या गाडीत जड आणि रेस दिली की हलकं, म्हणजे तेल कमी पडतंय किंवा बॉक्समध्ये आतल्या आत गळतंय. चाकाच्या एका फेरीत दोनदा जड, दोनदा हलकं असेल तर तेलापर्यंत जायचंच नाही, स्टिअरिंग कॉलमचे सांधे बघायचे. कॅबिनच्या कामासाठी कॉलम काढला आणि बसवताना दोन्ही सांध्यांचे काटे एका रेषेत आले नाहीत, की हातात नेमकं हेच येतं. आणि वळण संपल्यावर चाक आपोआप परत येत नाही, ते ओढून सरळ करावं लागतं, असं कुणी म्हणालं, तर बॉक्सच्या खाली उतरायचं.

गेल्या पावसाळ्याआधी एक दहा चाकी आली होती. ड्रायव्हर वयस्कर, घाटात आयुष्य गेलेला. म्हणाला, "मिस्त्री, सकाळी लोणी असतंय, साखरप्यापतोर दगड हुतोय." दुसऱ्या एका ठिकाणी त्या गाडीचा पंप बदलून झाला होता आणि तक्रार गेली नाही म्हणून परत एकदा बदलला होता. मी विचारलं, "मामा, ह्याच्या आधी काय काम झालं होतं? स्टिअरिंगचं सोडून सांगा." बराच वेळ आठवून ते म्हणाले, हवेचा कॉम्प्रेसर खोलला होता.

कॉम्प्रेसर काढायचा तर टाकीतून पंपाकडं येणारा पाइप आडवा येतो. तो काढला असणार, आणि जुना पाइप काढताना तडकतोच. पुढं काय झालं असेल याचा अंदाज आला, पण अंदाजावर पाइप बदलायचा नाही, दोष डोळ्यांनी दिसला पाहिजे. गाडी अर्धा तास चालवून तेल गरम केलं. टाकीचं झाकण उघडून बॅटरी मारली, तर लाल तेलावर गुलाबी फेस. म्हणजे हवा जातेय. पाइपवर बाहेरून तेलाचा थेंब नाही, आणि अशा वेळी थेंब सहसा नसतोच. पंपाच्या ओढीच्या बाजूला भोक असलं तर चालू इंजिनात तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. नुसता ओघळ शोधणारा माणूस इथं फसतो.

मग मी त्या पाइपच्या वाकावर अंगठा ठेवला आणि पोराला रेस द्यायला सांगितलं. फेरे वाढले तसा पाइप अंगठ्याखाली चपटा होत गेला. रेस सोडली, पाइप पुन्हा गोल. पोराला खाली बोलावून त्याचाही अंगठा तिथंच ठेवायला लावला, कारण सांगून हे समजत नाही. पाइप काढून ब्लेडनं उभा चिरला. रबर आतून फुगलेलं, चिकट, नखानं निघत होतं. पाण्यासाठीचा पाइप होता तो. मापात बरोबर बसत होता, क्लिपा घट्ट होत्या, पण तेल सोसणारं रबर नव्हतं. थंड असताना तो ताठ राहायचा. तेल तापलं की मऊ पडायचा, पंपाला तेल मिळेनासं व्हायचं आणि क्लिपेखालून हवा शिरायची. आधी काढलेला पंप मालकानं पोत्यात ठेवला होता. तो खोलून बघितला, तर कॅम रिंगवर आतून बारीक लाटा उठलेल्या. पुरेसं तेल न मिळालेला पंप असाच खरवडतो. पंपामुळं स्टिअरिंग जड झालं नव्हतं, पाइपनं पंप खाल्ला होता.

तापल्यावर जड होण्याचं दुसरंही कारण असतं, आणि ते वेगळं काढायला गेज लागतोच. तेल गरम होऊन पातळ झालं की झिजलेल्या सीलच्या बाजूनं ते बॉक्सच्या आतच निसटतं. गेज पंप आणि बॉक्सच्या मधल्या दाबाच्या पाइपवर लावायचा, गेजच्या पुढं बंद-चालू करायचा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह बंद केला की पंप एकटा पडतो. काटा पंपाच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबापर्यंत चढला, तर पंप शाबूत. अवजड गाड्यांत हा दाब १०० बारच्या वरच असतो, म्हणून चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त तिथं थांबायचं नाही, नाहीतर चांगला पंप तपासणीतच जळेल. मग व्हॉल्व्ह उघडून चाक एका टोकापर्यंत कापायचं. एक्सलच्या स्टॉप बोल्टपाशी लोखंडी तुकडा धरावा लागतो, नाहीतर शेवटाला बॉक्समधला व्हॉल्व्ह उघडून दाब सोडून देतो आणि आकडा फसवा येतो. तो तुकडा लांब दांडीला जोडून घ्यावा, बोटं तिथं कधीच न्यायची नाहीत. आता पहिल्याइतका दाब आला नाही, तर तेल बॉक्समध्ये गळतंय. काटा एका जागी न थांबता थरथरत असेल, तर तेलात हवा आहे. ह्या तपासणीला फार वेळ लागत नाही. तरीही ती न करता पंप बदलले जातात, हे मला अजून पटत नाही.

तेलाच्या बाजूला सगळं ठीक निघालं, तर बॉक्सला चाकांशी जोडणारी ड्रॅग लिंक सोडवायची. ह्या एका कामानं गाडीचे दोन भाग होतात. चाकामागं दगड लावून पुढचा एक्सल जॅकवर घ्यायचा, लिंक मोकळी करायची आणि वर स्टिअरिंग फिरवून बघायचं, खाली चाकं हातानं ढकलून बघायची. वर हलकं आणि खाली चाकं हलत नसतील, तर दोष किंग पिनचा, म्हणजे चाक ज्या पिनेभोवती वळतं तिचा. नवे बुश बसवून रीमर नीट फिरवलेला नसतो, किंवा ग्रीस वरच्या बुशपर्यंत पोचलेलंच नसतं. पाटे उतरवून झालेल्या गाडीत मी एक्सल आणि पाट्यांच्या मधली पाचर बघतो. ती उलटी बसली की चाकाचा कल बदलतो, मग गाडी सरळ रस्त्यावर भरकटते किंवा वळणानंतर परत येत नाही. उलटी पाचर डोळ्यांना दिसते, पण वाकून बघावं लागतं.

बॉक्स आणि लिंकमधल्या ड्रॉप आर्मची खूण हा विषय माझ्या विशेष जिव्हाळ्याचा. बॉक्सच्या शाफ्टवर आणि आर्मवर कारखान्यातच एकेक खूण असते, त्या समोरासमोर आल्या पाहिजेत. आर्म एक दात पुढं-मागं बसला की गाडी सरळ चालताना हातातलं चाक तिरकं दिसतं. मग कुणी लिंकची लांबी फिरवून ते सरळ करतं, कुणी चाकच काढून सरळ बसवतं. दिसायला सगळं सरळ, आत बॉक्स मात्र मध्यावर नाही. एका बाजूला गाडी पूर्ण कापते, दुसऱ्या बाजूला कमी. त्या कमी कापणाऱ्या बाजूचं वळण घाटात आलं की ड्रायव्हरला रिव्हर्स मारून, मागं दरी ठेवून, पुन्हा वळावं लागतं. घाटातल्या त्या रिव्हर्सचा विचार केला तर आर्म ओढून परत बसवण्याचा कंटाळा कुणीही करू नये.

शेवटी हवा काढणं. ह्यात घाई चालत नाही. पुढची चाकं उचललेली, इंजिन मंद, चाक सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायचं, टोकाला दाबून धरायचं नाही आणि टाकीत तेल घालत राहायचं. बुडबुडे थांबेपर्यंत एवढंच काम. रेस देऊन भराभर फिरवलं की हवेचा तेलात फेस होतो आणि मग ती निघता निघत नाही.

गाडी सोडताना काढलेले सगळे भाग मी पोत्यात बांधून मालकाच्या ताब्यात देतो आणि काय-काय खोललं ते कागदावर लिहून देतो: कुठला पाइप काढला, तेल कुठलं घातलं, आर्म ओढला का. त्या दहा चाकीचा चिरलेला पाइपही असाच दिला. मालक म्हणाला, भंगार घेऊन काय करू? मी म्हटलं, ठेवा. उद्या दुसरीकडं गाडी लागली, तर तिथल्या मिस्त्रीला आधी हे पोतं आणि कागद दाखवा.