वाळू, चाक आणि इंजिन

शाळेच्या वार्षिक अंकासाठीं कांहीं तरी लिहून पाठवावें अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हां मी मोठ्या विचारांत पडलों. माझा व्यवसाय हिशेबनिसाचा, राहणें दुबईस, आणि सुट्टीच्या दिवशींचा छंद असा कीं, तो ऐकून आमच्या वेळच्या गुरुजनांच्या कपाळास आंठ्या पडल्या असत्या. परंतु ज्या वाटेवर आपणांस ठेंच लागली तिच्याविषयींच लिहावें, असें आमचे मराठीचे गुरुजी सांगत असत. त्यांचें वचन स्मरून, वाळूंत धांवणाऱ्या एका यंत्राची व त्याच्या पायीं आम्हां दोघां भावांस मिळालेल्या धड्याची हकीकत विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढें ठेवीत आहें.

ज्यांनीं हें यंत्र पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें वर्णन अवश्य आहे. मोटारसायकलीप्रमाणें त्यावर टांग टाकून बसावयाचें व दोन्ही हातांनीं दांडा धरावयाचा. मात्र चाकें चार, आणि तीं रुंद व फुगीर. यास क्वाड म्हणतात. शेतांत ओझीं ओढणारे क्वाड निराळे. आम्ही घेतलेली गाडी केवळ धांवण्यासाठीं केलेली, यामाहा रॅप्टर ७०० या जातीची होती. ही जात २००६ सालीं बाजारांत आली. आमच्या गाडीचें इंजिन एकाच सिलिंडरचें, ६८६ सी.सी. मापाचें, सिलिंडरचा व्यास १०२ मिलिमीटर व पिस्टनची धांव ८४ मिलिमीटर. माझा धाकटा चुलतभाऊ, जो याच शाळेचा विद्यार्थी, तोही दुबईसच नोकरीस आहे. दोघांनीं निम्मे निम्मे पैसे घालून ती जुनी गाडी विकत घेतली.

दुबईहून हत्ता गांवाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अल् बदायर येथें तांबड्या वाळूची एक प्रचंड टेकडी आहे. कणाकणावर लोहाच्या गंजाचें पातळ पूट बसल्यामुळें वाळूस तो रंग आला आहे. लोक त्या टेकडीस बिग रेड या नांवानें ओळखतात. हिंवाळ्यांत सुट्टीच्या दिवशीं तेथें अशा गाड्यांची जत्राच भरते. आम्ही मोठ्या डौलानें चढाईस निघालों, आणि निम्म्या उतारावर आमची गाडी धापा टाकीत थांबली. मागील चाकें वाळू उकरीत खालीं गेलीं, आणि शेजारून दुसरे स्वार धूळ उडवीत माथ्यावर पोंचले. त्या दिवशीं घरीं परततांना माझा भाऊ एक शब्द बोलला नाहीं.

पुढच्या आठवड्यांत आम्ही पहिली चूक केली. इंजिनास हवा अधिक मिळाली म्हणजे जोर अधिक येईल, असें कोणीं तरी सांगितलें. तें अर्धें खरें होतें. आम्ही हवेच्या पेटीचें झांकण काढून टाकलें, उघडा एअर फिल्टर बसविला, आणि त्यास तेल लावावयाचें असतें हें विसरलों. गाडीचा आवाज वाढला व आम्हांस वाटलें कीं जोरही वाढला. परंतु तो हिंवाळा संपण्यापूर्वींच गाडी निळा धूर ओकूं लागली आणि तिचा दम जातां जातां अगदींच गेला.

शारजाच्या एका गल्लींत कोल्हापूरकडील एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांस सर्व लोक मिस्त्रीकाका म्हणतात. त्यांनीं इंजिन उघडलें, पिस्टन पुसून उजेडांत धरला आणि त्यावरील उभे ओरखडे आम्हांस दाखविले. “पोरांनो, इंजिन वाळू प्यालंय,” एवढेंच ते म्हणाले. डोळ्यांस न दिसणारी ती बारीक धूळ फिल्टरांतून शिरून तेलांत मिसळली होती, आणि त्या मिश्रणानें सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा सहाणेवर घांसाव्या तशा घांसून काढल्या होत्या. तेल लावलेला फिल्टर जी धूळ चिकटवून धरतो, ती आमच्या कोरड्या फिल्टरानें निमूटपणें आंत सोडली होती.

इंजिन उघडलेंच आहे, तर आतां तें मोठेंच करून घ्यावें, असें माझ्या भावानें मनांत घेतलें. त्यानें यादी केली: १०५.५ मिलिमीटरचा मोठा सिलिंडर, अधिक दाब देणारा पिस्टन, नवा कॅमशाफ्ट, मोकळा सायलेन्सर. या सर्वांची किंमत दोघांच्या मिळून दोन महिन्यांच्या पगाराइतकी होत होती. त्याच आठवड्यांत काकूंचा फोन आला. कोंकणांतील आमच्या समाईक घराचें छप्पर यंदा पावसाळ्यापूर्वीं शाकारलें नाहीं, तर माजघरांत भांडीं मांडून बसावें लागेल, असें त्या हंसत हंसत म्हणाल्या. हिशेबनिसाच्या डोक्यांत दोन आंकडे शेजारीं शेजारीं उभे राहिले. भाऊ म्हणाला, “दादा, छप्पर पुढच्या वर्षीं करूं.” मी उत्तर दिलें नाहीं, कारण मलाही तें मोठें इंजिन हवेंसें वाटत होतें.

यादी पाहून मिस्त्रीकाकांनीं एकच प्रश्न विचारला, “गाडी अडती कुठं, ते सांगा बघू.” आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. ती अडते एवढें ठाऊक होतें. कोठें व कां अडते हें आम्हीं कधीं पाहिलेंच नव्हतें.

मला एकदम आमच्या आजोबांची आठवण झाली. ते खाडीवरून बैलगाडींत रेती भरून आणीत. गाडी रुतली म्हणजे इतर लोक बैलांवर चाबूक ओढीत. आजोबा मात्र खालीं उतरत, चाकाभोंवतीं फिरून पाहत, पुढें नारळाच्या झावळ्या पसरीत, चार टोपल्या रेती कमी करीत, आणि मगच बैलांस हांक देत. आमची ती यादी म्हणजे केवळ एक मोठा चाबूक होती.

त्या रात्रीं दोघांनीं आठवून आठवून वहींत टिपण केलें. टेकडीवर दुसऱ्या गियरांत इंजिन आपल्या वेगाच्या शिखरास पोंचे. तिसरा गियर टाकतांच तें मलूल होऊन बसे. शिवाय आमचे टायर सामान्य मातीचे होते. ते वाळूस पकडीत नसत, नुसतेच उकरीत. म्हणजे जो जोर इंजिनांत होता, त्यांतलाही बराचसा जमिनीपर्यंत पोंचतच नव्हता.

मग हिशेब मांडला. १०२ च्या जागीं १०५.५ मिलिमीटरचा सिलिंडर घातला, तर इंजिन ६८६ वरून सुमारें ७३४ सी.सी. होतें, म्हणजे वाढ ७ टक्के. आमच्या गाडीच्या साखळीस पुढें १४ दात्यांचें व मागें ३८ दात्यांचें स्प्रॉकेट होतें. पुढें १४ ऐवजीं १३ दाते घातले, तर मागील चाकास मिळणारी ओढ सुमारें साडेसात टक्क्यांनीं वाढते. एकास दोन महिन्यांचा पगार, दुसऱ्यास एका जेवणाचे पैसे! अर्थात् निसर्ग कोणास फुकट कांहीं देत नाहीं. दाता कमी केल्यानें इंजिनाची शक्ति वाढत नाहीं. गाडीचा कमाल वेग तेवढा घटतो. शाळेंत तरफेचा पाठ शिकतांना गुरुजींनीं हेंच सांगितलें होतें: जोर मिळवाल तर अंतर गमवाल. परंतु वाळूंत तो कमाल वेग आम्हीं कधीं गांठलाच नव्हता. मग तो गमावण्यांत दुःख कसलें?

दाबाच्या पिस्टनविषयीं मिस्त्रीकाकांनीं समजावलें तें असें. दाब वाढविल्यानें त्याच इंधनांतून काम अधिक निघतें हें खरें. पण हवा तापलेली असली व पेट्रोल त्या दाबास योग्य नसलें, तर ठिणगीची ज्योत पोंचण्यापूर्वींच कोपऱ्यांतील इंधन आपोआप पेट घेतें व पिस्टनवर घणाचे घाव बसतात. वाळूंत तर इंजिनास उसंत म्हणून नसते. सडकेवर गाडी थोडी आपोआप घरंगळते. वाळू मात्र मूठ सैल सोडतांच तिला थोपविते, म्हणून इंजिन सतत पूर्ण भारावर राबतें व तापतें. शिवाय ४५ अंशांच्या उन्हांतील हवा १५ अंशांच्या हवेहून सुमारें ९ टक्के विरळ असते. मोकळा सायलेन्सर घालावा, तर वाढलेल्या हवेच्या मानानें इंधनही वाढवावें लागतें. तसें न केल्यास मिश्रण कोरडें पडून इंजिन अधिकच तापतें. एक भाग बदलला कीं त्याच्या शेजाऱ्यासही विचारावें लागतें.

अखेर आम्हीं क्रम ठरविला. प्रथम श्वास: तेल लावलेला चांगला फिल्टर, त्यावर बारीक कापडी आवरण, पेटीचें झांकण परत जागेवर, आणि प्रत्येक फेरीनंतर फिल्टर धुणें. मग पाय: मागें वल्ह्यांसारखे आडवे उभार असलेले पॅडल टायर. ते वाळू मागें लोटतात. पण पकड वाढली कीं इंजिनावरील भारही वाढतो, म्हणून उभार थोडेच असलेले निवडले. मग दाते: चौदाचे तेरा. सर्वांच्या शेवटीं इंजिन: सिलिंडरास आंतून नवा लेप चढवून मूळ मापाचाच पिस्टन बसविला. ज्यांस चढाईच्या शर्यती जिंकावयाच्या आहेत, ज्यांनीं आधींचें सर्व केलें आहे आणि ज्यांच्यापाशीं इंधन, क्लच व थंडावा यांच्या सुधारणेसही पैसा आहे, त्यांनीं मोठें इंजिन खुशाल घ्यावें. तें वाईट नाहीं. आमची पाळी तेथवर आली नव्हती, इतकेंच.

उरलेले पैसे मीं कोंकणांत पाठविले. भाऊ दोन दिवस रुसला.

पुढच्या हिंवाळ्यांत आम्ही पुन्हां त्या टेकडीपाशीं गेलों. शिरस्त्राण, हातमोजे, आणि टेकडीपलीकडून दिसावें म्हणून मागें उंच काठीवर निशाण, हें सर्व नीट पाहून भाऊ निघाला. या खेपेस तिसऱ्या गियरांत गाडी थांबली नाहीं. ती एका सुरांत चढत गेली. माथ्याजवळ त्यानें वेग कमी केला, गाडी आडवी वळविली, आणि थांबून पलीकडे पाहिलें. कारण वाळूच्या टेकडीची दुसरी बाजू कड्यासारखी उतरती असते व तिच्याखालीं काय आहे तें चढतांना दिसत नाहीं. तो बराच वेळ तेथेंच उभा राहिला. खालीं आल्यावर त्यानें सांगितलें कीं, माथ्याच्या अगदीं खालीं एक मोटार रुतली होती, आणि एक गृहस्थ व त्यांचीं दोन मुलें ती ढकलीत होतीं.

“दादा,” तो हलकेंच म्हणाला, “मनासारखं मोठं इंजिन असतं, तर आज मी माथ्यावर थांबलो नसतो.”

मीं त्याच्या पाठीवर हात ठेवला. नंतर आम्ही दोघे पलीकडे चालत गेलों व ती मोटार बाहेर काढूं लागलों. झावळ्या तेथें कोठल्या! पण चाकांतली हवा थोडी कमी केली, चाकांपुढची वाळू हातांनीं सारली, पायांखालचीं रबरी आसनें पसरलीं, आणि मोटार निघाली.

त्या पावसाळ्यांत आमचें माजघर कोरडें राहिलें होतें. काकूंनीं भाऊरायांस आंबापोळी पाठविली, आणि त्यांतली निम्मी त्यानें न विसरतां मिस्त्रीकाकांस नेऊन दिली.

— एक माजी विद्यार्थी