चला, चंद्रावर पोहायला!

ग्रीस म्हटलं की डोळ्यांसमोर ठरलेलं पोस्टकार्ड येतं. पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट आणि सँटोरिनीच्या कड्यावर सूर्यास्तासाठी खांद्याला खांदा लावून उभी असलेली गर्दी. २००३ मध्ये ‘चलते चलते’नं आपल्याकडच्या अनेकांच्या डोक्यात हनिमूनसाठी ग्रीसचं खूळ भरलं, तेव्हापासून आपली लिस्ट अथेन्स, मिकोनॉस, सँटोरिनी यापुढे फारशी सरकलेलीच नाही. यंदा कष्टानं जमवलेल्या रजा आणि घसघशीत पैसे खर्च करून तिकडे जाणारच असाल, तर लिस्टमध्ये आणखी एक नाव टाका. मिलोस. आणि मिलोसवरचा एकच किनारा बघायला वेळ असेल, तर सराकिनिको.

पांढरा कातळ, निळं पाणी

गाडी उभी करून चालायला लागलं की आधी वाटतं, रस्ता चुकला बहुतेक. समोर समुद्रकिनारा नसतोच. असतो तो पांढराफटक कातळ. कुठे लाटेसारखा वळलेला, कुठे तव्यासारखा सपाट, कुठे हातानं घडवल्यासारखा गुळगुळीत. झाड नाही, झुडूप नाही. ‘चंद्रावर आल्यासारखं वाटतं’ असं इथे आलेला प्रत्येक जण म्हणतो, आणि ते वाक्य कितीही घासलेलं असलं तरी दुसरं काही सुचत नाही. मग थोडं खाली उतरलं की कातळाला पडलेली एक खाच दिसते. तिच्यातून समुद्र चिंचोळ्या गल्लीसारखा आत शिरलेला असतो. पाण्याचा रंग निळा की हिरवा, यावर मित्रांमध्ये भांडण होऊ शकतं. गल्लीच्या टोकाला वाळूची चिमुकली पुळण. दहा-बारा टॉवेल पसरले की हाऊसफुल्ल!

हा कातळ आला कुठून? मिलोस हे ज्वालामुखीतून घडलेलं बेट आहे, सँटोरिनीच्याच ज्वालामुखी-माळेतलं. लाखो वर्षांपूर्वी इथे राख आणि प्युमिस, म्हणजे तो हलका, सच्छिद्र दगड, यांचे थरच्या थर साचले. पुढे वारा आणि लाटांनी ते कोरून काढले. गंमत म्हणजे आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचंच लेकरू. पण आपला बेसॉल्ट काळा आणि टणक, तर इथला दगड सिलिकानं भरलेला, पांढरा आणि मऊ. राजगड-तोरण्यावर घाम गाळलेल्यांना इथे चालताना आपल्या कातळाचा गोरा चुलतभाऊ भेटल्यासारखं वाटेल.

‘सराकिनिको’ हे नाव सारासेन चाच्यांवरून पडलं, असं सांगतात. अशा आडोशाच्या जागा चाच्यांच्या आवडीच्याच. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला असलेलं क्लेफ्तिको हेही त्यांचंच लपण्याचं ठिकाण. समुद्रातून वर आलेल्या पांढऱ्या कमानी आणि गुहा तिथे आहेत. बहुतेक लोक आदामास बंदरातून दिवसभराची बोट घेऊन तिकडे जातात.

सगळ्यांनी काही ना काही नेलं

मिलोसची खरी गोष्ट सांगायची तर ती ‘नेण्याची’ आहे. दहा हजार वर्षांहूनही आधी इथली ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच, माणसं समुद्र ओलांडून घेऊन जात. मुख्य भूमीवरच्या फ्रांख्थी गुहेत ती सापडली आहे. धातू हाती येण्याआधी धारदार पातं हवं, तर ही काच हवी. १८२० मध्ये इथल्या एका शेतकऱ्याला प्राचीन थिएटरच्या जवळ संगमरवरी पुतळा सापडला. हीच ती हात नसलेली जगप्रसिद्ध ‘व्हीनस दे मिलो’. ती आज पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे. मिलोसवर राहिली ती सापडल्याच्या जागी लावलेली पाटी!

पूर्व किनाऱ्यावर गंधकाच्या खाणी होत्या. त्या बंद पडल्या, पण पडक्या इमारती आणि रूळ अजून समुद्राकाठी उभे आहेत. बेंटोनाइट आणि पर्लाइट मात्र आजही इथून जगभर जातं. तुम्ही बाल्कनीतल्या कुंडीत जे पांढरे, हलके खडे मिसळता ना, ते पर्लाइट. सराकिनिकोच्या कातळातही खाणकामाचे जुने बोगदे दिसतात. उन्हानं हैराण झालेले पर्यटक त्यांच्याच सावलीत बसतात.

आता बेटावरून नेण्यासारखं उरलंय ते दृश्य. आणि त्याला गिऱ्हाईकं भरपूर आहेत. २०२५ च्या सुरुवातीला सराकिनिकोजवळ पंचतारांकित हॉटेलसाठी खोदलेल्या भल्यामोठ्या खड्ड्याचे फोटो फिरले आणि एकच गदारोळ उडाला. रोज हजारो सेल्फी ज्या कातळावर निघतात, तोच पोखरला जातोय हे लोकांना सहन झालं नाही. शेवटी ग्रीसच्या पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवलं.

हा राग एका दिवसातला नव्हता. ग्रीसमध्ये किनारा सार्वजनिक मालकीचा. पण सनबेड आणि छत्र्यांनी तो हळूहळू गिळायला सुरुवात केली. तेव्हा २०२३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या पारोस बेटावरची माणसं फलक घेऊन पुळणीवर उतरली. मागणी साधी होती, आम्हाला आमचा टॉवेल पसरायला जागा द्या. ‘टॉवेल आंदोलन’ हेच नाव पडलं त्याला. ते बघता बघता इतर बेटांवर पसरलं. २०२४ मध्ये नवा कायदा आला. किमान अर्धा किनारा मोकळा ठेवायचा, सनबेड पाण्यापासून निदान चार मीटर लांब. गोव्याच्या किनाऱ्यावर शॅकवाल्यांच्या खुर्च्यांमधून वाट काढत पाण्यापर्यंत पोचलेल्या माणसाला हे आंदोलन वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणून सराकिनिकोला गेल्यावर ‘इथे काहीच सोय नाही’ अशी कुरकुर करण्याआधी जरा थांबा. छत्री नाही, सनबेड नाही, शॅक नाही, म्युझिक नाही. या ‘नाही’मुळेच तर ती जागा अजून तशी आहे. एक तास कातळावर नुसतं बसा. पाणी खाचेत शिरताना होणारा तो गडगड आवाज ऐका. ऑफिसच्या एसीची घरघर डोक्यातून जायला तेवढा वेळ लागतोच.

जरा जपून!

सराकिनिकोचं तोंड उत्तरेला आहे, आणि हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो जोरात असेल त्या दिवशी ही निळी गल्ली खवळते आणि पोहणं धोक्याचं होतं. तेव्हा सरळ दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर जा. मिलोसवर सकाळी उठल्यावर आधी वारा कुठून येतोय ते विचारायचं आणि मग बेत ठरवायचा.

कड्यावरून पाण्यात उड्या मारणारी पोरं दिसतील. बघायला सॉलिड वाटतं, पण पाण्याची खोली माहीत नसेल आणि पोहणं कच्चं असेल, तर टाळ्या वाजवण्यापुरतंच सामील व्हा. कातळ मऊ आहे. त्यावर नाव कोरू नका. आपल्या किल्ल्यांवर ‘राजू लव्हज पिंकी’ वाचून तुम्हाला संताप येतो ना? मग झालं.

ट्रिप प्लॅन करताना

कसं जाल? शेंगेन व्हिसा लागतो, अर्ज लवकर करा. अथेन्सहून मिलोसला छोटं विमान पाऊण तासाच्या आत पोचवतं. पिरेअस बंदरातून फेरीही आहे. फास्ट फेरीला भाडं जास्त, वेळ कमी. साध्या फेरीला उलट. सीझनमध्ये सँटोरिनीहूनही फेरी मिळते. वारा फार असला की फेऱ्या रद्द होतात. त्यामुळे परतीच्या विमानाआधी एक दिवस हाताशी ठेवा.

कधी जाल? मे-जून किंवा सप्टेंबर. ऊन सुसह्य आणि गर्दी कमी. सराकिनिकोला सकाळी लवकर पोचा. दुपारी पांढऱ्या दगडावरून ऊन असं उलटून येतं की डोळे उघडवत नाहीत.

कसं फिराल? उन्हाळ्यात आदामासहून बस सुटते. स्कूटर किंवा कार घ्यायची तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथूनच काढून न्या.

काय न्याल? भरपूर पाणी, टोपी, गॉगल, सनस्क्रीन आणि न घसरणारी चप्पल. कचरा परत आणायला एक पिशवीही.

काय खाल? शाकाहाऱ्यांनी अजिबात घाबरू नये. लादेनिया म्हणजे टोमॅटो-कांदा घातलेली, ऑलिव्ह तेलात न्हायलेली रोटी. पितराकिया ही चीज भरलेली छोटी करंजीच समजा. आणि शेवटी कार्पुझोपिता, चक्क कलिंगडाचा केक!

आणखी काय? क्लिमा गावात कोळ्यांची दुमजली घरं बघा. खाली होडी, वर खोली आणि प्रत्येक दाराचा रंग वेगळा. संध्याकाळ प्लाका गावाच्या माथ्यावर घालवा. सूर्यास्त तिथेही होतो, आणि सँटोरिनीपेक्षा धक्के बरेच कमी बसतात.