गाडी पाठीवर, लक्ष पट्ट्यावर

वीकेंडला पुणे-बंगळुरू हायवेवर निघालात, की एक दृश्य हमखास दिसतं. फ्लॅटबेड ट्रकच्या पाठीवर बसलेली इवलीशी आल्टो नाहीतर वॅगन आर. आपण ‘बिचारी!’ म्हणतो आणि ओव्हरटेक करून सुसाट पुढे. पण बॉस, उद्या ती गाडी तुमची असेल तर? वर्षानुवर्षं हप्ते भरून घेतलेली पहिलीवहिली कार कुणा अनोळखी माणसाच्या ट्रकवर चढते, तेव्हा नेमकं बघायचं तरी काय?

ते मला सातारा ते सांगली या सव्वाशे-एक किलोमीटरच्या प्रवासात कळलं. मैत्रिणीच्या आल्टोची क्लच प्लेट साताऱ्यात गेली. तिचं घर सांगलीत, भरवशाचा मेकॅनिकही तिथलाच. मग काय, ट्रक बोलावला आणि केबिनमध्ये ड्रायव्हरकाकांशेजारी आम्ही दोघी.

मागे अजिंक्यतारा, समोर कलता केलेला ट्रकचा पाळणा. गाडीच्या बंपरला एक छोटं झाकण असतं, ते काढून काकांनी टोइंग हूक फिरवून बसवला. बऱ्याच गाड्यांमध्ये हा हूक डिकीत, जॅकच्या शेजारी पडलेला असतो आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो! विंचच्या दोरानं गाडी हळूहळू वर आली. पण खरं काम त्यानंतर सुरू झालं. काकांनी चार जाड पट्टे काढले आणि चारही चाकांच्या टायरवरून घेऊन रॅचेटनं करकचून आवळले.

“बॉडीला नाही का बांधत?” मी विचारलं.

“बॉडी स्प्रिंगवर डुलते ताई. तिला बांधलं तर खड्ड्यात गाडी खाली दबते, पट्टा सैल पडतो, आन् वर आली की हिसका बसतो. चाक धरलं की वरचं कितीबी डुलू दे.”

फिजिक्सच्या तासाला कुणी असं शिकवलं असतं तर! नंतर गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक वर, चाकांना ठोकळे. पण हे सगळं पट्ट्यांच्या जोडीला, पट्ट्यांच्या ऐवजी नाही.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. जरा हिशोब करा. युरोपात ट्रकवर माल बांधताना नियम असा, की बांधणीनं पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूला व मागे ५० टक्के जोर पेलला पाहिजे. आल्टो साधारण पाऊण टनाची. म्हणजे कचकन ब्रेक लागला, तर ६०० किलोचा जोर थेट केबिनकडे. साखरपट्ट्याच्या भाषेत सांगायचं तर ५० किलोची बारा पोती एकदम अंगावर!

नागठाण्याच्या आसपास, जेमतेम थोडं अंतर कापून झाल्यावर, काकांनी ट्रक बाजूला घेतला. आम्हाला वाटलं, चहा. पण ते खाली उतरून चारही पट्टे हातानं दाबून बघत होते. सुरुवातीच्या धक्क्यांमध्ये पट्टा बसतो, थोडा ढिला होतो. म्हणून पहिली तपासणी लवकर. मागच्या एका रॅचेटला खरंच दोन आटे द्यावे लागले.

उंब्रज, तासवडे, मग कराड. इथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, तो प्रीतिसंगम. आम्हाला मात्र लांबूनच नमस्कार, कारण दुसरी तपासणी आणि एकदाचा चहा हायवेवरच झाला. पेठ नाक्याला हायवे सोडला, आणि आष्ट्याकडच्या रस्त्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर लागले. गळीत हंगामात हे अचानक समोर येतात आणि ब्रेक लागतोच. काकांनी दोनदा जोरात दाबला. मैत्रिणीनं दोन्ही वेळा मागच्या काचेतून पाहिलं. आल्टो जरा डुलली, जागची हलली नाही.

सांगलीवाडी आली, कृष्णा पुन्हा समोर. इथे या ट्रकची गरज फक्त ब्रेकडाउनपुरती नसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाण्यात बुडालेली गाडी ‘बघू चालू होते का’ म्हणून कधीच स्टार्ट करायची नाही. इंजिनात पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशी गाडी उचलूनच न्यायची.

ट्रक आला की एवढं बघा

• चढवण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा.
• चारही चाकांना पट्टे हवेत. दोनच लावले तर तिथेच थांबवा.
• पट्टा चिरलेला, उसवलेला असेल तर बदलायला सांगा.
• ऑटोमॅटिक गाडी असेल तर चाकं रस्त्यावर ठेवून ओढू देऊ नका, गिअरबॉक्स जाऊ शकतो. फ्लॅटबेडच मागवा.
• मागे जोडलेल्या ट्रेलरवर गाडी जाणार असेल, तर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर हवा. मागे जास्त झाला की ट्रेलर शेपटीसारखा हलतो.
• राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३. आणि इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स आहे का, ते आजच बघून ठेवा.

पट्टे तपासायला सांगताना संकोच करू नका. चांगला ड्रायव्हर चिडत नाही, उलट तुमच्या आधी स्वतःच उतरतो.