गिटार हातात घेतलेला माणूस

आमच्या घरात गाणे ही कधी नुसती करमणूक नव्हती. लग्न असो, जयंती असो की शोकसभा, गाणाऱ्यांच्या तोंडूनच आम्हां भावंडांना इतिहास कळला. म्हणूनच अमेरिकेतील काळे लोकगायक, गिटारवादक आणि नट जॉश व्हाइट यांचे जीवन आम्हांला परके वाटत नाही.

त्यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१४ रोजी दक्षिण कॅरोलिनातील ग्रीनव्हिल येथे झाला. वडील धर्मोपदेशक. १९२१ साली त्यांनी एका उद्धट गोऱ्या वसुलीवाल्याला घराबाहेर काढले. या स्वाभिमानाची किंमत काय? बेदम मारहाण आणि वेड्यांचे इस्पितळ! तेथेच त्यांचा अंत झाला.

घर चालावे म्हणून लहानगा जॉश आंधळ्या गायकांचा हात धरून गावोगाव हिंडू लागला. खंजिरी वाजवायची, पैसे गोळा करायचे, रात्री मिळेल तेथे झोपायचे. शाळेच्या वयात त्याने त्या गायकांची बोटे पाहून गिटार शिकून घेतली. १९३६ साली डाव्या हाताला खोल जखम झाली. हात कापावा, असा सल्ला मिळाला. त्यांनी नकार दिला आणि रबरी चेंडू दाबून दाबून बोटांत पुन्हा जीव आणला.

१९४० मध्ये ब्रॉडवेवर 'जॉन हेन्री' नाटकात ते पॉल रोबसन यांच्यासोबत उभे राहिले. पुढे १९४९ च्या 'द वॉकिंग हिल्स' चित्रपटातही त्यांनी भूमिका केली. १९४१ मध्ये त्यांनी वर्णभेदावरील गाण्यांची 'सदर्न एक्स्पोजर' ही ध्वनिमुद्रिका काढली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना व्हाइट हाऊसमध्ये गायला बोलावले. १९४४ चे त्यांचे गाजलेले गाणे खिशात मोजकीच नाणी असलेल्या भुकेल्या माणसाचे होते.

मग परीक्षेची घडी आली. १ सप्टेंबर १९५० रोजी कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीपुढे ते हजर झाले. तेथे त्यांनी रोबसन यांच्या मतांशी जाहीर फारकत घेतली. पण काळ्यांना झाडाला लटकावून मारण्याविरुद्धच्या गाण्याचे शब्दही त्याच समितीला वाचून दाखवले. परिणाम असा की डाव्या मित्रांनी पाठ फिरवली आणि उजव्यांनी कामही मिळू दिले नाही. त्यांना इंग्लंडमध्ये आसरा शोधावा लागला.

ते चुकले का? आमच्या घरात यावर वाद होतो. रोबसन झुकले नाहीत, हे मोठेच. परंतु ज्याच्या बापाला बालपणी डोळ्यांदेखत चिरडले गेले, त्याच्या भीतीला भ्याडपणा म्हणताना आमची जीभ अडखळते. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात ते पुन्हा लोकांसमोर गायले, हेही विसरता येत नाही.

५ सप्टेंबर १९६९ रोजी ते वारले. १९९८ मध्ये अमेरिकेने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आपले गायकही भाकरीसाठी रात्र रात्र गातात. त्यांच्याकडून आपण निर्भयपणाची अपेक्षा जरूर करावी. पण त्यांची चूल पेटते का, हेही विचारावे. गाणे जपायचे असेल, तर आधी गाणारा जपला पाहिजे.