मौन म्हणजे नकार

हाताने बांधलेली मोटार पाहायला येणारी माणसे सांगाडा पाहतात. वेल्डिंगवरून बोट फिरवतात, चाकांच्या रुंदीवर मत देतात, इंजिन कुठले म्हणून विचारतात. वायरिंगकडे कोणी पाहत नाही. आणि ते नीट झाले असेल, तर त्याकडे पाहण्याची वेळही येत नाही.

गेले वर्षभर आम्ही दोघे भाऊ कोल्हापुरात अशी एक गाडी बांधत आहोत. आमच्यापैकी एक महाविद्यालयात मराठी शिकवतो, दुसऱ्याचे उद्यमनगरात लेथचे लहानसे वर्कशॉप आहे. नळ्यांचा सांगाडा, दोन आसने, आणि जुन्या मारुती जिप्सीचे १३०० सीसीचे, इंधन-इंजेक्शनवर चालणारे इंजिन. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे रीतसर मान्यता आणि नोंदणी असल्याशिवाय अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. ती फिरणार ती घरच्या माळावर आणि खासगी आवारातल्या शर्यतींत. चालवणार आहे आमची भाची. इंजेक्शनच्या पंपाची जोडणी हा या सगळ्या उद्योगातला एक कोपरा, पण वर्षभरात खरा वाद झाला तो तेवढ्यावरूनच.

पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. विजेची मोटर, तिचे कार्बनचे ब्रश, त्यांच्या ठिणग्या, आणि भोवताली पेट्रोल! आमच्यातल्या मास्तराला हे प्रथम कळले तेव्हा घाम फुटला होता. पण जळायला हवा लागते, आणि पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच ती पेट घेते. बंद टाकीत वाफेचे प्रमाण एरवी याहून पुष्कळ अधिक असते. उलट पेट्रोलच त्या मोटरला थंड ठेवते. टाकी सतत तळाला जाऊ दिली तर पंप तापून लवकर मरतो. म्हणजे ऐकताना जी जागा सर्वांत भयंकर वाटते ती बरीचशी निर्धोक. धोका सुरू होतो बाहेर, जिथे नळी फुटते आणि पेट्रोल हवेला भेटते. इंजेक्शनचा पंप वातावरणाच्या अडीच-तीन पट दाबाने इंधन ढकलतो. अशी नळी फुटली आणि पंप चालूच राहिला, तर मिनिटाला लिटरभर पेट्रोल बाहेर येऊ शकते.

म्हणून पंपाच्या जोडणीत तो चालू कसा करावा, हा प्रश्न दुय्यम. एक तार बॅटरीला, एक सांगाड्याला, की झाला चालू. तो कोणाच्या सांगण्यावरून चालेल आणि ते सांगणारा गप्प झाला तर काय करील, हे ठरवण्यात सगळी अक्कल खर्च होते.

इथे रिले येतो. हाताच्या अंगठ्याएवढी काळी डबी. तिच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ते डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातले. ३० वर बॅटरीची वीज येते, ८७ वरून ती पंपाकडे जाते. ८५ आणि ८६ यांच्यामध्ये एक बारीक वेटोळे असते. त्यातून जेमतेम पंधरा-वीस शतांश अँपिअर वीज वाहिली की आतला लोहचुंबक जागा होतो आणि पंपाच्या पाच-सहा अँपिअरची वाट मोकळी करतो. हुकमाची तार वेगळी, कामाची वेगळी. युरोपात ‘रिले’ म्हणजे मुळात वाटेवर ताजेतवाने ठेवलेले शिकारी कुत्रे आणि मग घोडे. थकलेल्याने आणायचे आणि ताज्याने पुढे न्यायचे. आपल्याकडे ‘डाक’ या शब्दाचा जुना अर्थ अगदी हाच होता: टप्प्याटप्प्यावर बदलणारी माणसे, बदलणारे घोडे. रिलेला मराठीत डाक म्हणावे, अशी सूचना आम्ही वर्कशॉपमध्ये मांडून पाहिली. ती कोणी मनावर घेतली नाही. असो.

हुकूम देतो तो इंजिनाचा छोटा कंप्युटर. चावी फिरवताच तो दोनेक सेकंद पंप चालवतो, नळीत दाब भरून घेतो आणि थांबतो. त्यानंतर इंजिन फिरत असल्याचा संदेश सेन्सरकडून येत राहिला, तरच पंप चालू. संदेश थांबला की पंप बंद. चावी तशीच असली तरी बंद. बॉशच्या एल-जेट्रॉनिक या १९७० च्या दशकातल्या यंत्रणेत हेच काम हवेच्या वाटेवरचे एक झडप करी. इंजिनाने श्वास घेतला की झडप उघडे आणि पंपाचा संपर्क जुळे. श्वास थांबला की तुटे. मौन म्हणजे संमती, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि किती तरी अन्याय त्या एका वचनावर उभे राहिलेले पाहिले. या मंडळात मौन म्हणजे नकार.

आमचे वायरिंग करणारे मिस्त्री सत्तरीला टेकलेले आहेत. त्यांना हे सारे थेर वाटले.

“सर, पंप चावीवर घ्या की थेट. मधी ही एवढी डबडी कशाला? जितकं सांधे तितक्या खोडी. रानात रिले रुसला तर जर्मन येणार हाय का समजूत काढाय?”

हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. मिस्त्रींनी आयुष्यभर दुरुस्त केल्या त्या बाळंतिणीला, आजाऱ्याला घेऊन रात्री-अपरात्री निघालेल्या जीपगाड्या. त्यांच्या अनुभवात गाडी बंद पडणे हेच संकट. सुट्या भागांची संख्या वाढली की बिघाडाच्या शक्यता वाढतात, हेही निखालस खरे.

पण आमच्या घरात दुसरा अनुभव होता. २००९ साली आमचे मेहुणे, म्हणजे भाचीचे वडील, रात्री फोंडा घाट उतरताना जीपसह कलंडले. जुनी पेट्रोल जीप. इंजिनावरचा मूळचा पंप काढून कोणी तरी विजेचा पंप बसवला होता आणि तो थेट चावीवर घेतला होता. इंजिन बंद पडले. पंपाला ते कळण्याची सोयच नव्हती. मेहुण्यांचा उजवा हात दाराखाली अडकलेला, डाव्या हाताला चावी पोचत नव्हती, आणि फुटलेल्या नळीतून पेट्रोल डांबरावर ठिबकत होते. मागून आलेल्या ट्रकच्या क्लीनरने आत हात घालून चावी फिरवली. दोन बरगड्यांवर निभावले. दुखणे विसरलो, पण ती टकटक विसरलो नाही, असे ते सांगतात.

भाचीने वाद घातला नाही. भंगार बाजारातून तिने एक धक्का-स्विच आणून बाकावर ठेवला. त्यात पोलादाची गोळी चुंबकाने जागेवर धरलेली असते. जबर आदळ बसला की गोळी सुटते आणि संपर्क तोडते. “हा रिलेच्या ८६ ला जाणाऱ्या तारेत घालायचा,” ती म्हणाली. मिस्त्रींनी तो कानाशी धरून हलवून पाहिला. “खड्ड्यात सुटंल ह्यो.” “सुटू दे, मामा. वरचं बटण दाबलं की परत बसतो.” आमच्याकडे पाहून मिस्त्री म्हणाले, “पोरीचं बरोबर हाय. पर माझंबी चूक न्हाई.”

पहिल्या चाचणीला मेहुणे आले. चावी फिरली, टाकीतून बारीक गुणगुण आली आणि थांबली. “बंद झाला?” त्यांनी लगेच विचारले. मग इंजिन सुरू केले, आणि भाचीने गिअरमध्ये असतानाच क्लच सोडून ते मुद्दाम बंद पाडले. चावी चालूच. आम्ही सगळे टाकीवर वाकून ऐकत होतो. काही ऐकू आले नाही. मेहुण्यांनी ते पुन्हा करायला लावले, मग तिसऱ्यांदा.

दोन दिवसांनी मिस्त्री जुन्या स्कूटरचे हॉर्नचे बटण घेऊन आले. कंप्युटरकडून ८५ ला येणारी हुकमाची तार रानात तुटलीच, तर हे बटण तिच्या जागी अर्थ देईल. दाबून धरले तोवर पंप चालेल, बोट उचलले की थांबेल. आणि धक्का-स्विच सुटलेला असेल तर दाबूनही चालणार नाही. भाचीने आकृती दोनदा तपासली आणि बटण स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, अंगठ्याखाली बसवायला सांगितले. त्याखालच्या पट्टीवर आमच्यातल्या मास्तराने सुवाच्य अक्षरात ‘दाबून धरावे’ असे लिहिले. मिस्त्रींनी ते वाचले, शेवटचे दोन शब्द एकत्र करून ‘धरा’ एवढेच ठेवले, आणि पट्टी नव्याने चिकटवली.