फडावर पोहोचलेला तास

बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आणि छात्राध्यापकांचा शाळेतील मुक्कामही त्याबरोबर लांबला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांनुसार त्यांना आता किमान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. पूर्वी पाहुण्यासारखी येऊन नेमून दिलेले सराव पाठ उरकणारी ही मंडळी आता आमच्यासोबत परिपाठाला उभी राहतात, मुलांच्या पंगतीत जेवतात आणि सायंकाळच्या वंदनेनंतर अभ्यासिकेत त्यांच्या शंका सोडवतात. धर्मापुरीसारख्या गावी निवासी शाळेत शिकवणे म्हणजे काय, हे उमगायला एवढा काळ लागतोच. आमच्या मते तोही अपुराच आहे.

अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर हा या प्रशिक्षणाचा आवश्यक भाग आहे. त्यामुळे छात्राध्यापक येतात ते लॅपटॉपची पिशवी घेऊनच. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे विज्ञानाच्या एक छात्राध्यापिका आल्या होत्या. आठवीच्या वर्गात त्यांनी रक्ताभिसरणाचा पाठ पडद्यावर दाखवला. हृदयाचे कप्पे, उघडमीट करणाऱ्या झडपा, फुप्फुसाकडे जाऊन परतणारे रक्त, सारे मुलांच्या डोळ्यांपुढे हलू लागले. मागच्या बाकावरची मुले उभी राहून पाहत होती. आम्ही वर्षानुवर्षे तोच पाठ गुंडाळीच्या तक्त्यावरून शिकवला आहे, आणि तक्त्यावरचे हृदय कधी धडधडत नाही. पडद्याला नाके मुरडणाऱ्या ज्येष्ठांनी एवढे तरी मान्य करावे. खडू आणि फळा हीदेखील एके काळी नवीच साधने होती.

मात्र तासाच्या मध्यावर वीज गेली. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या इतक्या जवळ राहूनही आपल्याकडे वीज जाते, याचे नवल करणे आम्ही केव्हाच सोडून दिले आहे. बाईंनी खडू उचलला आणि उरलेला तास फळ्यावर पूर्ण केला.

त्या दिवशी त्यांनी आपला मोबाइल ध्वनिमुद्रणासाठी शेवटच्या बाकावर ठेवला होता. स्वतःचा पाठ नोंदवून नंतर तपासण्याची ही रीत सूक्ष्म अध्यापनातून आली. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत आकाराला आली, तेव्हा तेथे शिकाऊ शिक्षकाला त्याचाच चित्रित पाठ दाखवीत असत. सायंकाळी ते ध्वनिमुद्रण आम्ही एकत्र ऐकले. पडदा चालू होता तोवर केवळ बाईंचा आवाज आणि मुलांचे आश्चर्याचे उद्गार ऐकू येत होते. प्रश्न सुरू झाले ते वीज गेल्यावर. बाईंनी तो भाग तीनदा ऐकला. दुसऱ्या दिवसापासून त्या दर दोन मिनिटांनी पडदा थांबवू लागल्या आणि मुलांनी विचारल्याशिवाय तो पुढे सरकेना.

दिवाळी झाली आणि आपल्या जिल्ह्यात दरवर्षी जे घडते ते घडले. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ट्रॅक्टर-ट्रकांत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघाली. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्या कोयत्याला आधार म्हणून घरचे मोठे लेकरूही पुष्कळदा सोबत जाते. त्याने कोपीवर थांबायचे, धाकट्या भावंडाला सांभाळायचे, भाकरी थापायच्या. ही गळती थांबावी म्हणूनच तर आपल्यासारख्या निवासी शाळा आहेत. तरीही त्या वर्षी आठवीतील एका मुलीला आईवडील घेऊन गेले. आम्ही समजावून पाहिले. वडील हात जोडून एवढेच म्हणाले, "गुरुजी, बारकं पोरगं कुणापाशी ठेवू?" त्यांच्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

छात्राध्यापिकेने मात्र आपले सादरीकरण बाजूला ठेवले आणि वेगळीच तयारी आरंभली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड घरोघरी माहीत झाले. पुरस्काराच्या दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटली, याचीही बरीच चर्चा झाली. आम्हांला मात्र त्यांच्या परिचयातील एक बाब अधिक मोलाची वाटते. मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे पाहून त्यांनी आधी ती भाषा शिकण्याचे कष्ट घेतले, पुस्तके त्या भाषेत आणली आणि मग कोड जोडले. आमच्या बाईंनीही आधी चौकशी केली ती मुलीच्या घरच्या मोबाइलची. फडावर नेटवर्क केव्हा असते, चार्जिंग कुठे होते, मोबाइल कोणाच्या हाती असतो? वडिलांचा निरोप व्हॉट्सॲपवर आला : "जयभीम मॅडम. ट्रॅक्टरवर चार्जिंग करतो. रातच्याला जेवणं झाल्यावर पोरगी ऐकंल."

मग चार-चार मिनिटांचे ध्वनिमुद्रित पाठ निघाले. त्यांत चित्र नव्हते, संगीत नव्हते. हाताची मूठ मीट, साधारण तेवढेच तुझे हृदय आहे. मनगटावर बोटे ठेव आणि मिनिटभर ठोके मोज. असे पाठ. आठवड्याने मुलीचा आवाज आला. तिने स्वतःचे ठोके मोजले होते आणि मोळी डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये टाकून आलेल्या आईचेही. आईचे ठोके बराच वेळ खाली आले नव्हते. तिने विचारले होते, "मॅडम, माझ्या आईचं काळीज लवकर थकंल का?"

बाईंनी घाईने उत्तर दिले नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारून दोन दिवसांनी त्यांनी पाठ पाठवला. श्रम केल्यावर ठोके वाढणे स्वाभाविक आहे, कारण स्नायूंना अधिक प्राणवायू लागतो. पण रक्तातील हिमोग्लोबिन कमी असेल तर तेवढाच प्राणवायू पुरवण्यासाठी हृदयाला अधिक पळावे लागते. म्हणून गावी परतल्यावर आईचे रक्त तपासून घ्यावे. हाच पाठ त्यांनी वर्गातही ऐकवला. त्या दिवशी पडदा लावण्याची कोणी आठवणही केली नाही.

पौर्णिमेच्या वंदनेनंतर आम्ही मुलांना सांगत असतो की तथागतांचा धम्म कित्येक शतके केवळ मुखोद्गत होता. परंपरेनुसार सिंहलद्वीपात वट्टगामणी राजाच्या काळी, इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, दुष्काळ आणि युद्ध यांनी भिक्खुसंघ पांगला, पाठ म्हणणारे कमी होऊ लागले, तेव्हा तिपिटक ताडपत्रांवर उतरवले गेले. त्या वर्षीपासून ही हकिकत सांगताना आमच्या डोळ्यांपुढे दिवाळीनंतर रिकामे होणारे बाक येतात.

सगळेच पाठ पोहोचले असे नाही. त्याच वर्गातील एका मुलाच्या वडिलांचा मोबाइल डिसेंबरपासून बंद लागला तो लागलाच. तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. मुलगी मात्र गुढीपाडव्याच्या सुमारास परतली आणि परीक्षेला बसली. तिला सोडायला आई आली होती. अंबाजोगाईच्या दवाखान्यात रक्त तपासल्याचा कागद तिने पदराच्या गाठीतून काढला आणि तो दाखवायला मॅडम कुठे आहेत म्हणून विचारले. बाईंचा आंतरवासितेचा काळ फेब्रुवारीतच संपला होता. आम्ही त्या कागदाचे छायाचित्र काढून त्यांना पाठवले.